आवाजाचे डोहाळे

आमच्या घरात देव नव्हते, पण डोहाळे होते. अप्पांनी देव्हारा, नवस, उपासतापास, दृष्टबिष्ट सगळं लग्न झाल्याझाल्या घराबाहेर काढलं होतं. बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि पौर्णिमेला तिच्यापुढे मेणबत्ती, एवढंच त्यांना चालायचं. ते सरकारी कचेरीत कारकून होते, आणि कचेरीतून आल्यावर चहाचा कप हातात घेऊन आम्हाला सांगायचे, की माणसानं पुराव्याशिवाय काही मानू नये. आई खेड्यात वाढलेली. ती अप्पांचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि स्वतःचं तेच करायची. दाराशी आलेल्या मांजराला ती हाकलायची नाही, तिन्हीसांजेला केस विंचरू द्यायची नाही, आणि भरल्या घरात वाईट बोलायचं नाही, हा तर तिचा कायदाच होता. कुणी नुसतं म्हटलं, 'पाऊस नाही आला तर?' तर लगेच म्हणायची, "तोंडातनं काढू नको." अप्पा हसायचे, पण पुढचं वाक्य तेही गिळायचे, हे मी कितीदा पाहिलेलं आहे.

आमची कॉलनी नाशिकरोडला होती. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पेरूचं झाड. घर आवाजांवर चालायचं. पहाटे नळाला पाणी आलं की सगळ्या गल्लीत एकदम हंडे-बादल्या वाजायच्या. आई आत भाकऱ्या थापत असायची आणि बाहेर नळाखाली लावलेला हंडा किती भरला ते तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. "प्रज्ञा, हंडा काढ," अशी हाक यायची तेव्हा पाणी बरोबर काठाला आलेलं असायचं. मग स्टोव्हचा फरफराट, अप्पांच्या रेडिओवरच्या बातम्या, आणि दगडी खलात मिरच्या-लसूण चेचल्याचा ठकठक आवाज. ठेचा, बाजरीची भाकरी आणि कधी सुकटीची चटणी, असं आमचं सकाळचं जेवण. आता माझ्या कानात यंत्र असतं. ते काढून ठेवलं की घर बुडाल्यासारखं शांत होतं, आणि गंमत म्हणजे तेव्हाच मला तो स्टोव्ह ऐकू येतो.

दादा रेल्वेत मनमाडला होता, रविवारी घरी यायचा. त्याची बायको संगीता, माझी वहिनी, निफाडकडची. माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी, पण नणंद म्हणून मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायची. मी मात्र तिला बिनधास्त 'तू' म्हणायचे. तिचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आईनं तिला तळहाताच्या फोडासारखी जपली. वहिनीला आंबट हिरवी द्राक्षं हवीशी झाली. अप्पांनी आधी समजावून सांगितलं, की डोहाळे म्हणजे काही नाही, शरीराला क्षार लागतात म्हणून जीभ मागते. आणि मग स्वतःच सायकल काढून बाजारात गेले. डोहाळा पुरवला नाही तर मुलाचे कान फुटतात असं आई म्हणायची. "हे साफ खोटं आहे," अप्पा म्हणायचे, आणि पिशवीतून द्राक्षांचा घड काढून पाण्याखाली धरायचे.

त्या वर्षी मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज गंगापूर रोडला. नाशिकरोडहून बसनं सीबीएस, तिथून दुसरी बस. माझ्या प्रकल्पाचा विषय होता साध्या द्रवांमधून आवाज किती वेगानं जातो ते मोजणं. साधे म्हणजे पाणी, मिथेनॉल, बेंझिन असले. विषय देवरे सरांनी दिला होता. मी निवडला असता तर दुसराच निवडला असता, कारण मला त्यातलं सुरुवातीला काही म्हणजे काही कळत नव्हतं. यंत्र दिसायला अगदी गरीब. दुहेरी भिंतीचा एक पितळी पेला, त्याच्या तळाशी स्फटिकाची चकती. एक खोका त्या चकतीला विजेनं इतक्या जलद थरथरवायचा, की तिचा आवाज माणसाला ऐकूच येऊ नये. पेल्यात द्रव ओतायचा. वरून एक धातूची तबकडी द्रवात सोडलेली असायची, ती बारीक स्क्रूनं हळूहळू वर घ्यायची. खालून गेलेला आवाज तबकडीला आपटून परत येतो, आणि ठरावीक अंतरावर जाणारा-येणारा असे जुळले की खोक्यावरचा काटा वर उचलला जातो. स्क्रू फिरवत राहिलं की काटा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दोन चढांमधलं अंतर मोजायचं, त्यावरून वेग काढायचा. झालं.

झालं म्हणायला सोपं. तबकडीखाली हवेचा एक बुडबुडा अडकला की काटा भलतंच सांगायचा. आणि बुडबुडा नसला तरी मला वाटायचं, असेलच. शिवाय पाण्यानं मला वेड लावलं होतं. पेल्याच्या दुहेरी भिंतीतून कोमट पाणी फिरवून द्रव जरा तापवायचा आणि पुन्हा वेग मोजायचा, असं काम होतं. मिथेनॉल तापवलं, आवाज मंदावला. बेंझिन तापवलं, मंदावला. मला वाटलं, चला, एक नियम तरी हाती लागला. मग पाणी तापवलं, तर आवाज उलट जास्त वेगानं जायला लागला. मी पेला धुतला, सुकवला, नवं शुद्ध पाणी घेतलं, तरी तेच. देवरे सर सटाण्याचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण गडबडीत असले की अहिराणी बाहेर यायची. माझे आकडे बघून ते म्हणाले, "हाई काय शे?" मग चष्मा काढून पुन्हा बघितलं, हसले आणि म्हणाले, "बरोबर शे. पानी येडं शे." एवढं सांगून तासाला निघून गेले. पुढे आयुष्यभर मी हे मुलांना शिकवलं, पाण्याचे रेणू एकमेकांना कसे धरून असतात ते फळ्यावर काढून दाखवलं. पण त्या दिवशी मला वाटलं, मी चुकतेय आणि सर मला बरं वाटावं म्हणून असं म्हणताहेत. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त पाणीच मोजत बसले.

घरी हे सगळं सांगायची सोय नव्हती, पण मी सांगायचे. जेवताना अप्पा विचारायचे, "आज काय केलंस?" मी म्हणायचे, पाण्यातून आवाज सोडला. आई म्हणायची, "काल पण तेच केलं होतंस ना?" वहिनी मात्र ऐकायची. ताटातली भाकरी तशीच धरून ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "आवाज आपल्याला ऐकू येत नाय, मग हाय कशावरनं म्हणायचा?" मी म्हटलं, काटा हलतो त्यावरून. पाण्याच्या पलीकडे जे असेल त्याला आपटून आवाज परत येतो आणि काटा सांगतो. वहिनी 'हं' म्हणाली आणि जेवायला लागली. मला बरं वाटलं, घरात एक तरी माणूस विचार करतंय.

तिचा आठवा महिना संपत आला होता. एका सकाळी मी बसच्या घाईत होते, अप्पा दाढी करत होते, आणि वहिनी स्टोव्हपाशी बसल्याबसल्या एकदम म्हणाली, "मला डोहाळा लागलाय."

"काय आणायचं?" अप्पांनी आरशातूनच विचारलं.

"आणायचं नाय. मला ताईंचं ते मशीन बघायचंय."

 मग अप्पा साबणाच्या तोंडानंच हसायला लागले. "वा! ह्याला म्हणतात डोहाळा. बघ, नातू शास्त्रज्ञ होणार."

आई वैतागली. "लोकांना चिंचा-बोरं आवडतात, हिला मशीन आवडलं. आठव्या महिन्यात बसमधनं धक्के खात जायचंय व्हय?"

"रिक्षानं जाईन."

"आत्ताच कशाला? दादा येऊ दे रविवारी."

"आजच," वहिनी म्हणाली. ती कधी अशी हट्टानं बोलत नसे. आईनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हरली. डोहाळ्याला नाही म्हणायचं तिच्या कायद्यात नव्हतं. अप्पांनी नाक्यावरून ओळखीचा रिक्षावाला आणला आणि त्याला खड्डे कुठेकुठे आहेत ते सांगत बसले, जसे काही ते त्याला माहीत नव्हते. मला मनातून फार आनंद झाला होता. माझं काम बघायला घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच येत होतं.

प्रयोगशाळेत त्या वेळी कुणी नव्हतं. मी वहिनीला स्टुलावर बसवलं, पंखा लावला, पेल्यात शुद्ध पाणी ओतलं आणि बोलायला सुरुवात केली. किती बोलले मी! चकती दाखवली, तबकडी दाखवली, मिथेनॉलची बाटली लांबूनच हुंगवली, पाणी आणि मिथेनॉल उलटे कसे वागतात ते सांगितलं. वहिनीनं स्टूल टेबलाजवळ ओढून घेतलं. अगदी जवळ, पोट टेबलाच्या कडेला टेकेल इतकं. दोन्ही हात पोटावर ठेवून ती खोक्यावरच्या काट्याकडे बघत होती. मी बोलता बोलता उजव्या हातानं स्क्रू फिरवत होते. काटा संथपणे चढला, उतरला, परत चढला.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वासानं आलं. "मिथेनॉलचा वास डोळ्यांना झोंबतो," मी म्हटलं आणि खिडकी उघडली. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चला ताई, झालं माझं." मी जरा हिरमुसले, कारण मला अजून कोमट पाण्याचा प्रयोग दाखवायचा होता. येताना कॉलेज रोडला भेळेची गाडी दिसली, मी रिक्षा थांबवते म्हटलं, तर ती नको म्हणाली. वाटेत मी पाण्याबद्दलच बोलत होते. ती माझा हात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी कसलीशी सरकारी सुट्टी होती. सकाळी वहिनी उठली, पण नळावर आली नाही. आईनं भाकरी वाढली, ती तिनं तशीच ठेवली. दुपार व्हायच्या आत ती आतल्या खोलीत फरशीवर डाव्या कुशीवर पडली, आणि आई तिच्या पायथ्याशी जाऊन बसली. मी दाराशी गहू निवडत होते. आईनं हळू विचारलं, "हाललं का ग आज?"

वहिनीनं मान हलवली. नाही.

"साखरपाणी पी. मग हालतंय." साखरपाणी झालं. पोटावर हात ठेवून आई बराच वेळ बसली. नंतर तिनं मान वर केली ती थेट माझ्याकडेच. तिचा चेहरा मला आजही दिसतो. राग नव्हता त्यात. नुसतं विचारणं होतं.

"काल तिला नेलं होतंस. काय असतं ग तुझ्या त्या यंत्रात?"

"काही नाही, आई. पाणी असतं."

"पाण्यात काय असतं?"

"आवाज."

"कसला?"

"ऐकू न येणारा."

"मग जातो कुठं तो?"

 मी जे जे खरं सांगत होते ते ते ऐकायला जास्तच भयंकर वाटत होतं. मी म्हणू शकले असते, की तो आवाज पेल्याच्या बाहेर पडत नाही, हवेत तर तो टिकतच नाही, बोटाएवढ्या पेल्यातला तो थरकाप टेबलाच्या कडेपर्यंतही पोचत नसणार. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकात आठव्या महिन्यातली बाई टेबलाला पोट लावून बसलेली नव्हती. पोटातही पाणी असतं, पाण्यातून आवाज वेगानं जातो, आणि पाणी वेडं आहे, एवढंच माझ्या डोक्यात एकसारखं फिरायला लागलं. मला खरंच कळेना. मी घाबरले होते, आणि ज्या गोष्टीची भीती वाटतेय ती शक्य तरी आहे का, तेही मला सांगता येत नव्हतं.

अप्पा बाहेरून आले. आईनं सांगितल्यावर ते ठामपणे म्हणाले, "मशीननं असलं काही होत नाही. अडाण्यासारखं बोलू नका. दवाखान्यात चला." मग चपला घालायच्या निमित्तानं ते माझ्यामागे अंगणात आले आणि पेरूच्या झाडाखाली, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "होत नाही ना ग?"

"नाही अप्पा," मी म्हटलं. "बहुतेक."

ते 'बहुतेक' ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मी तो शब्द का जोडला, कुणास ठाऊक. शास्त्र शिकणाऱ्या माणसानं खात्री नसताना खात्री देऊ नये, हे त्यांनीच शिकवलं होतं.

दवाखाना जवळच होता. डॉक्टर बाई वयानं मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वहिनीला टेबलावर घेतलं, पोटाला नळी लावून कान देऊन ऐकलं, नळी सरकवली, पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "मला नीट ऐकू येत नाहीये. सोनोग्राफी करू. मशीन शेजारच्याच खोलीत आहे."

त्या काळी सोनोग्राफी आमच्याकडे नवीन होती. आईनं विचारलं, "म्हणजे काय करता?"

"पोटात आवाज सोडतो. तो बाळाला आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र दिसतं. काही दुखत नाही."

आईनं वहिनीचा दंड धरला. "कसला आवाज? ऐकू येतो?"

"नाही, ऐकू येत नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. "तुझाच का ग हा?"

आता काय सांगायचं? तोच होता. जवळजवळ तेवढाच बारीक, तसाच स्फटिकातून निघणारा. मी म्हटलं, "हो आई. तसाच."

"मग नाय लावायचा," आई म्हणाली. "एकदा झालं तेवढं बास. पोटातल्या जिवावर दुसऱ्यांदा तेच नाय सोडायचं." ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती टेबलाच्या आणि त्या खोलीच्या मध्ये उभी होती. डॉक्टर बाईंनी समजावलं. वेळ घालवू नका म्हणाल्या. अप्पा एकदा म्हणाले, "लावू द्या," आणि लगेच म्हणाले, "नाहीतर नळीनं परत एकदा बघता का?" जन्मभर पुरावा मागणारे अप्पा, पण त्या दिवशी त्यांनाही कुठल्या बाजूचा पुरावा मागावा ते समजेना. शेवटी तिघंही माझ्याकडे बघायला लागले. आमच्या घरात आवाजाबद्दल शिकलेली मी एकटीच होते. मी 'लावा' म्हणावं तर, आणि काही झालं तर? 'नको' म्हणावं तर, आणि आत ते मूल वाट बघत असेल तर?  एवढी गोंधळून मी आयुष्यात परत कधी उभी राहिलेली नाही.

"आई," टेबलावरून वहिनी म्हणाली, "ताईंच्या मशीननं काय नाय झालं."

"तू गप पड."

"नाय, ऐका. आधीपासनंच हालत नव्हतं. परवा दिवसभर कमी होतं, काल सकाळी तर नायच. म्हणून तर गेले मी."

आईला अर्थ लागायला वेळ लागला. मलाही लागला. "म्हणजे डोहाळा...?" मी विचारलं.

"डोहाळा कसला ताई." वहिनी छताकडे बघत बोलत होती. "मागच्या वेळी मी बोलले होते, काहीतरी वेगळं वाटतंय म्हणून. अन् गेलं ते. ह्या वेळी तोंडातनं काढायची हिंमत झाली नाय. नाय बोलले तर नाय होणार, असं धरून बसले. पण जिवाला चैन पडंना. तुम्ही म्हणालात ना, मशीनीला पाण्याच्या पलीकडचं कळतं? म्हटलं, पोटात बी पाणीच हाय. जवळ जाऊन बसावं. काटा हलला तर बाळ हाय. आता नुसतं मशीन बघायचंय म्हटलं तर तुम्ही 'कशाला?' विचारणार, डोहाळा म्हटलं तर कुणी नाय म्हणत नाय." ती जरा थांबली. "अन् हलला काटा. एवढा वर गेला! माझा जीव भांड्यात पडला. रातभर त्याच भरवशावर झोपले."

मी तिच्या उशाशी गेले. खाली वाकले. मला तिचा चेहरा सरळ बघवेना. "वहिनी," मी म्हटलं, "तो काटा मी हलवत होते. माझ्या हातानं. स्क्रू फिरवला की हलतो तो. बाळाशी त्याचा काही संबंध नव्हता."

मला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे मान वळवली, डोळे मोठे करून बघितलं, आणि मग डॉक्टर बाईंना म्हणाली, "मग ज्याचा काटा कुणी हलवत नाय, ते मशीन लावा."

आईनं दंड सोडला.

शेजारच्या खोलीत अंधार केलेला होता. पोटावर गार, चिकट काहीतरी फासलं, आणि पडद्यावर करडी भुरभुर दिसायला लागली. मी खूप डोळे ताणले. मला त्यात काहीच दिसेना, ना डोकं ना हात. आईनं माझ्या कानाशी विचारलं, "काय दिसतंय?" आणि मी म्हटलं, "मला नाही कळत." त्या संबंध दोन दिवसांत मी बिनधास्त बोललेलं हे पहिलंच वाक्य असेल. डॉक्टर बाई मुठीतली दांडी सरकवत होत्या, थांबत होत्या. एके ठिकाणी त्यांनी ती घट्ट दाबून धरली. पडद्याच्या मध्यावर एक छोटासा ठिपका उघडझाप करत होता.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या.  "पण मंद आहेत. आणि बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालंय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करावं लागेल." त्या उठल्या आणि हात धुता धुता अप्पांना म्हणाल्या, "आज आणलंत ते बरं केलंत." उद्या आणली असती तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाणी का कमी झालं, ते नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, कधीकधी होतं. पुढे मी वाचलं, मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं, सगळ्यांनी हेच सांगितलं, जरा लांबवून. त्या वाक्यावर माझं समाधान अजून झालेलं नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला हायसं वाटत होतं, की माझ्या यंत्रानं काही केलं नव्हतं. आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती, कारण आत वहिनी होती आणि मी स्वतःला सोडवत बसले होते. तिनं माझ्याशेजारी बसून तासभर काट्याला जे विचारलं, ते मला विचारलं असतं तर! पण मी तिला विचारायला जागाच कुठे ठेवली होती? आईनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दाबत राहिली. ती मला माफ करत होती की माझी माफी मागत होती, ते कळलं नाही. अप्पा व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि भिंतीवरचे लसीकरणाचे तक्ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मग आतून आवाज आला. आधी मला तो मांजराचा वाटला. आई उठली, "पोर!" म्हणाली आणि दाराकडे धावली.

दादाला शेजाऱ्यांनी मनमाडला फोन करून कळवलं होतं. तो मिळेल त्या गाडीनं निघून संध्याकाळी दवाखान्यात पोचला तो घामाघूम, युनिफॉर्मवरच. खोलीत शिरताच त्यानं विचारलं, "काय झालं?" आणि आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो. आई सांगत होती, की हिच्या यंत्रानं बाळ रुसलं होतं आणि दुसऱ्या यंत्रानं त्याला मनवलं. वहिनीनं एवढं फोडून सांगूनही आईनं आपला हिशोब बदलला नव्हता, आणि तो तिनं शेवटपर्यंत बदलला नाही. अप्पा म्हणत होते, अंधश्रद्धा सगळी, मी आधीपासून सांगत होतो मशीन लावा म्हणून. मी त्याला पेला, स्फटिक आणि स्क्रू समजावून सांगत होते. दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "थांबा, थांबा. डोहाळा कुणाला लागला? काटा कुणाचा? मला काहीच समजेना. झालंय काय पण?"

खाटेवरून वहिनी ग्लानीतल्या आवाजात म्हणाली, "मुलगी झालीय. इकडं या, हात ठेवून बघा. सारखी हालतीय."